उसनवारीची वही : एका कल्पित राज्याच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

काम एवढंच: तीन कादंबऱ्यांना पुरेल असं एक जग उभं करायचं. नदी, डोंगर, दोन राजघराणी, एक जुनं युद्ध. भाषा मराठी, जमीन नाशिकच्या आसपासची पण नकाशावर नसलेली. आजपासून वहीत चार रकाने: कुठून घेतलं, काय घेतलं, काय मुद्दाम सोडलं, कुठे मोडेल. चौथा रकाना रिकामा असेल तर ती गोष्ट मसुद्यात जाणार नाही.

पहिल्या यादीत ४१ गोष्टी निघाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसतं सामान आहे. मुकुट, ढाली, 'महाक्षत्रप' असले भारदस्त शब्द. सामान उसनं घेतलं की जग दिसतं छान, पण चालत नाही. घ्यायचा तो व्यवहार: कोण कुणाला काय देतो, का देतो, नाही दिलं तर काय होतं.

एक नियम आत्ताच ठरला. ज्या देवाची आज पूजा होते तो पात्र म्हणून येणार नाही. त्याच्या कथेची बांधणी घ्यायची, नाव आणि रूप नाही.

११ जून

पांडवलेणी, लेणं क्रमांक १०. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख. प्रकल्पाचं अर्थशास्त्र इथूनच उचललं, कारण आकडे दगडात कोरलेले आहेत आणि जुळतात.

त्याने ३,००० कार्षापणांची, म्हणजे चांदीच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे धंद्याच्या संघाकडे, २,०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या ठेवीचं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्याच्या मुक्कामाला) राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, १२ कार्षापणं. २० गुणिले १२, बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० येतात, ते किरकोळ खर्चाला. हा सगळा ठराव निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे. त्याच लेखात सोन्याचा भावही सापडतो: ३५ कार्षापणांना १ सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं.

जगासाठी यातून काय मिळालं ते लिहून ठेवतो. माणसाच्या वर्षाच्या कपड्यांचा खर्च १२ चांदीची नाणी. म्हणजे धर्मशाळेत एका जेवणाला सोन्याचं नाणं फेकणारा नायक तीन भिक्षूंचे जवळपास वर्षभराचे कपडे फेकतो आहे. पहिल्या मसुद्यात हे सहा ठिकाणी घडलं होतं. सगळं खोडलं. आता सोनं फक्त तीन प्रसंगी दिसेल: खंडणी, हुंडा, मूर्ती.

कर्ज घेणारी मंडळी कोष्टी आहेत हे तर फारच कामाचं. राजाच्या दानावर व्याज देतं कोण? माग चालवणारा. माग थांबला की मठातलं चीवर थांबतं. युद्ध आलं की आधी सूत महागतं, मग व्याज थकतं, मग मठ आणि श्रेणी यांचं भांडण. एक अख्खं उपकथानक फुकटात मिळालं, त्यात एकही तलवार नाही.

मोडण्याची जागा: व्याजदर जसाच्या तसा उचलला आणि लोकसंख्या दहापट केली तर श्रेणीला तेवढं कापड खपवता येणार नाही. ठेव वाढवायची तर बाजारपेठही वाढवायची. नकाशावर बंदर आणि घाट त्यासाठीच आला.

१९ जून

नावं. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नेहमीची चूक अशी की राजाचं नाव संस्कृत, गावाचं नाव संस्कृत, धोब्याच्या कुत्र्याचं नावही संस्कृत. प्रत्यक्षात नाव जिभेवर झिजतं. प्रतिष्ठानचं पैठण झालं, शूर्पारकचं सोपारा, भरुकच्छचं भरूच. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या जागेला तीन रूपं द्यायची: ग्रंथातलं, शिलालेखातलं, बाजारातलं.

पद्धत ठरली ती अशी. संस्कृत रूपातलं जोडाक्षर आधी दुहेरी करायचं, मग दुहेरी सैल करून मागचा स्वर लांबवायचा. हस्त, हत्थ, हात. सर्प, सप्प, साप. कर्म, कम्म, काम. शेवटच्या 'पुर'चा प फुंकरून टाकला की 'ऊर' उरतो. आपली राजधानी कर्दमपुर. लेखात कद्दमउर. बाजारात कादमूर. आता एखादा व्यापारी 'कादमूरला निघालोय' म्हणतो आणि पुरोहित त्याच वाक्यात 'कर्दमपुर' म्हणतो, तेव्हा दोघांचा दर्जा वेगळा सांगावा लागत नाही.

उलट दिशेनेही करून पाहिलं: कानाला गोड लागणारं नाव आधी घ्यायचं आणि त्याचं 'मूळ' मागून शोधायचं. लोक तसंच करतात. नाशिकची व्युत्पत्ती शूर्पणखेच्या नाकाशी जोडली जाते, नऊ शिखरांशीही जोडली जाते. पण लेणं क्रमांक १९ मध्ये कण्ह या सातवाहन राजाच्या काळच्या लेखात 'नासिक' हे नाव सरळ आहे, दोन हजार वर्षांहून जुनं. तेव्हा नाव आधी, कथा कधीची कोण जाणे. कादमूरलाही दोन खोट्या व्युत्पत्ती देऊन ठेवल्या: एक चिखलात रुतलेल्या रथाची, एक कर्दम ऋषीची. तिसरी खरी आहे, ती कुठल्याच पात्राला माहीत नाही.

२८ जून

खलनायक मोडला. बरं झालं.

मसुद्यात परके राज्यकर्ते म्हणजे लुटारू आणि स्थानिक राजा म्हणजे तारणहार अशी सरळ मांडणी होती. लेण्यांवर हे टिकत नाही. उषवदात शक. तो भिक्षूंना लेणं देतो, ब्राह्मणांना गाई आणि गावं देतो, नद्यांवर फुकट नावा ठेवतो, नारळाची ८,००० रोपं देतो. असा माणूस 'परका' म्हणून किती रंगवणार?

मग लेणं क्रमांक ३. गौतमी बलश्रीचा लेख, तिचा नातू पुळुमावी याच्या १९व्या वर्षातला. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, वारलेला, आई त्याचे गुण गाते. 'खखरातवस निरवसेसकर', क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) वंश निःशेष करणारा. 'तिसमुदतोयपीतवाहन', ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यालेली. पराक्रम राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. आणि रणांगणावर कोण कोण हजर होतं? वारा, गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, विद्याधर, भूत, गंधर्व, चारण, चंद्र, सूर्य, नक्षत्रं, ग्रह. ही कुठली दंतकथा नाही. राजघराण्याचा अधिकृत लेख आहे.

याच लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्राच्याच कारकिर्दीतले दोन साधे हुकूम आहेत. १८व्या वर्षी, विजयी छावणीतून: अपर कखडी गावातलं, आधी उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं (जुनं जमीनमाप) शेत लेण्यातल्या साधूंना दिलं. सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावाने दुसरा हुकूम: कखडीत जे शेत दिलं होतं, 'त च खेत न कसते, सो च गामो न वसति.' शेत कसलं जात नाही, गाव वसत नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजकीय जमिनीतून १०० निवर्तनं.

वर यक्ष आणि गंधर्व लढाईत उतरलेले, खाली ओसाड गाव. गाव का उठलं ते लेख सांगत नाही, आणि आपणही लगेच सांगायची घाई करायची नाही. पण प्रकल्पाचा कणा म्हणता येईल अशी गोष्ट हीच: आपल्या जगाला दोन भाषा हव्यात, प्रशस्तीची आणि हिशोबाची, आणि त्या एकाच भिंतीवर हव्यात. नुसती प्रशस्ती घेतली की पोवाडा होतो. नुसता हिशोब घेतला की जमाखर्च. आजवर वाचलेल्या बहुतेक कल्पित राज्यांत पहिलीच भाषा असते, म्हणून ती राज्यं दुपारी बाराच्या उन्हासारखी सपाट दिसतात.

बदल: मुख्य पात्र सेनापती नाही. सहा वर्षांनी दुसरा हुकूम लिहिणारा लेखक, म्हणजे राजाचा लेखनिक.

६ जुलै

परदेशी उसनवारी तपासली, थोडक्यात. बर्फाच्या प्रचंड भिंतीची जी प्रसिद्ध इंग्रजी मालिका आहे, तिच्या लेखकाने भिंत हेड्रियनच्या भिंतीवरून सुचल्याचं सांगितलं आहे. मूळ भिंतीचं काम इसवी सन १२२ मध्ये सुरू झालं, लांबी सुमारे ११७ किलोमीटर, उंची जेमतेम दोन पुरुष-अडीच पुरुष. आणि साधारण दर रोमन मैलाला, म्हणजे दीड किलोमीटरवर, दरवाजासह छोटी गढी. एवढे दरवाजे असलेली भिंत लोकांना अडवते त्याहून जास्त त्यांची नोंद ठेवते. कादंबरीने 'जगाची कड' घेतली, जकातनाके सोडले. तिला कड हवी होती, ठीक. आपल्याला नाके हवे आहेत.

यजमानाच्या घरात घात, हा प्रसंग मराठीत आणायचा तर स्कॉटलंडला जायची गरज नाही. ग्लेन्कोला १६९२ मध्ये सैनिक सुमारे दोन आठवडे गावकऱ्यांच्या घरी जेवले-झोपले आणि मग त्यांनाच मारलं. तिथे हादरवतं ते पाहुण्याने यजमानाला मारणं. लाक्षागृहात यजमान पाहुण्यांना जाळायला निघतो, आणि निसटताना पाहुणे निषादी आणि तिचे पाच मुलगे आत जळू देतात. ही दुसरी बाजू आपल्याकडच्या किती नव्या लेखनात येते? मोजून सांगायला हरकत नाही, पण आकडा लहान निघेल.

१३ जुलै

नाणं. मलपृष्ठावर आणि प्रकाशनाच्या वेळी हातात द्यायला खरं पाडलेलं नाणं हवं होतं.

आधार: जोगलथेंबीचा साठा, १९०६ मध्ये सापडलेला. नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी, त्यातल्या ९,००० हून जास्तींवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. वितळवली नाहीत. तशीच ऐरणीवर ठेवून वरून ठोकली. म्हणून जिंकलेल्याच्या डोंगराखालून हरलेल्याचं नाक दिसतं. मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि बिघडलेली ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेखासह. वरचा ठसा तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह.

पहिला प्रयत्न ॲल्युमिनियमचा, १७ मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर जाडी. उठाव छान आला, वजन एक ग्रॅमच्याही आत. तळहातावर ठेवलं की बाटलीचं बूच वाटतं. रद्द.

दुसरा प्रयत्न तांब्याचा. १ मिलिमीटर पत्रा, तोच व्यास, वजन २ ग्रॅम भरलं. मूळ नाणीही साधारण याच वजनाची. चकती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की नरम पडते. पितळी ठसे आठ-दहा घावांतच कडेने बसले, तेव्हा पोलादी करून घेतले.

अडचण दुसऱ्या घावाची. जोरात बसला तर खालचा चेहरा पुसूनच जातो आणि ते साधं नवं नाणं होतं. हलका बसला तर वरचा डोंगर अर्धवट. तीन गोष्टींनी जमलं: दोन ठोक्यांच्या मध्ये चकती पुन्हा तापवायची नाही, वरच्या ठशाचा उठाव खालच्याच्या निम्मा ठेवायचा, आणि वरचा ठसा मध्यावर न धरता दीड-दोन मिलिमीटर सरकवून आणि फिरवून धरायचा. खालच्याची हनुवटी आणि कान वाचतात, तेवढं पुरतं.

२० जुलै

रंग. तांबं लाल, नाणं चांदीचं हवं. चांदीचा मुलामा परवडणारा नव्हता, म्हणून कल्हई. नवसागर टाकून कथील फिरवलं की पांढरं होतं, पण कथील खोलगट भागात साचतं आणि अक्षरं बुजतात. आधी कल्हई करून मग ठोकलं तर पापुद्रे निघतात. शेवटी जमलेला क्रम: दोन्ही ठोके, मग कल्हई, आणि कथील पातळ असतानाच कापसाच्या बोळ्याने एकाच दिशेने झटकन पुसायचं. बोळा गोल फिरवला की नाक बुजलं. २० मधली १३ चांगली निघाली.

३ ऑगस्ट

मोजमापं. गोदेला पूर आला की नाशिकात कुणी क्युसेक विचारत नाही, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते विचारतं. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा वर्तमानपत्रात असतो, निर्णय मारुतीवरून होतो.

उचललं काय? देव नव्हे, एकक. कादमूरच्या घाटावर एक द्वारपालाची मूर्ती, पाण्याची पातळी तिच्या अंगावरून सांगायची. नाक्याचे नियमही तिच्याशीच बांधलेले: कमरेच्या वर पाणी तर नावांना जकात माफ. मोडण्याची जागा: गाळ साचून घाट वर येतो, शंभर वर्षांनी 'गुडघा' म्हणजे पूर्वीची 'कंबर'. जुना हुकूम नव्या पुरात वाचला तर अनर्थ. लेखकाच्या हातून हीच चूक व्हायची आहे.

१७ ऑगस्ट

पुराणकथेतून बांधणी घेण्याचा दिवस. दोन सांगाडे तपासले.

पहिला, वराचं कलम. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे सुरेख करारपत्र आहे: माणसाकडून नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. उत्तर उंबऱ्यावर, संध्याकाळी, मांडीवर, नखांनी. नवशिक्यांची चूक ठरलेली: पळवाट आधी सुचते आणि कलमं शेवटच्या प्रकरणात उघड होतात. वाचक म्हणतो, हे आता आठवलं होय? सगळी कलमं पहिल्या तृतीयांशात, मोठ्याने, दोनदा आली पाहिजेत. एकदा मानाने, एकदा कंटाळ्याने. कंटाळवाण्या प्रसंगात सांगितलेलं कलम वाचक विसरतो आणि नंतर स्वतःलाच बोल लावतो.

दुसरा, त्र्यंबकची गोदावरीची कथा. दुष्काळात गौतमाच्या शेतात गाय शिरते, तो दर्भाची काडी उगारतो, गाय मरते. गोहत्येच्या पापातून सुटायला तो शंकराकडून गंगा आणवतो, ती पळू लागते, तेव्हा तो कुशाने, म्हणजे दर्भानेच, वेढून तिला अडवतो. म्हणून कुशावर्त. या कथेत एकच वस्तू दोनदा येते: गवताची काडी. तिनेच जीव घेतला, तिनेच नदी थांबवली. जादूची वस्तू कशी असावी याचा याहून चांगला नमुना सापडला नाही. किंमत शून्य, दिसायला क्षुल्लक, आणि तिच्यामागे गुन्हा.

आपल्या जगात जादू बांधणारी वस्तू आता तलवार नाही, अंगठी नाही. शेताच्या बांधावरची बोरूची काडी. लेखक तिचीच लेखणी करतो. नदी कथेतून काढली, ऋषी काढला, गाय काढली. राहिलं ते फक्त 'ज्याने चूक केली त्यानेच आवर घालायचा'.

३१ ऑगस्ट

पंचांग. सिंहस्थ १२ वर्षांनी येतो असं म्हणतो, पण गुरूची फेरी सुमारे ११.८६ वर्षांची. सात फेऱ्यांना ८४ ऐवजी ८३ वर्षं. म्हणून क्वचित अंतर ११ वर्षांचं पडतं. हरिद्वारला २०१० नंतर कुंभ २०२१ मध्येच भरला. कादमूरचा मेळा गुरूवर, जमीन-महसुलाचे करार मात्र सरळ १२ वर्षांवर. ८३व्या वर्षी मेळा आणि करार एका वर्षाने सुटतात, आणि एका वर्षाच्या शेतसाऱ्याला कुणीच वाली उरत नाही. दुसऱ्या कादंबरीचा तंटा हाच. गणित सोपं आहे, तरी कालरेषेत दोनदा चुकलं, कारण गणकपत्रकात सगळीकडे १२ टाकलं होतं. आता दशांशासह.

१४ सप्टेंबर

वेढ्याचं प्रकरण. नमुना रामशेज, नाशिकजवळच्या आशेवाडीच्या माथ्यावरचा किल्ला. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला, वर्षानुवर्षं किल्ला हातात आला नाही. मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलेल्या दोन गोष्टी.

एक: गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, कातडं भरपूर होतं, म्हणून लाकडाच्या तोफा कातड्याने मढवून उडवल्या. वापरायच्या तर मर्यादेसह. लाकूड तडकतं, दारू कमी भरावी लागते, गोळा फार लांब जात नाही, काही बारांनंतर नळी निकामी. पण तटावरून खाली मारायचं तर लांब पल्ला लागतोच कशाला? मसुद्यात एका तोफेने दिवसभर मारा केला होता. आता प्रत्येक तोफेला पाच बार, मग ती चुलीत.

दोन: मोगल छावणीतल्या एकाने भुतंखेतं वश असल्याचं सांगून शंभर तोळ्यांचा सोन्याचा साप करून घेतला, तो हातात धरून सैन्याच्या पुढे निघाला, आणि वरून गोफणीचा दगड छातीत बसताच साप एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. पहिला कल असा होता की आपल्या जगात जादू खरी आहे, तर साप चालू द्यावा. नाही चालवला. जादू खरी असलेल्या जगातही भोंदू असणारच, उलट जास्त असणार, आणि सेनापतीला फरक कळणार नाही. हे दृश्य जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. सोन्याचा हिशोब मात्र ११ जूनच्या भावाने मांडला: एका सापात किती भिक्षूंचं चीवर, ते कोषाध्यक्ष मनातल्या मनात मोजतो.

१६८७ मध्ये किल्ला गेला तो लढून नाही, पैसे देऊन. आपल्याकडेही तसंच, आणि रक्कम हुकुमात 'दुरुस्ती खर्च' म्हणून दाखवलेली.

२१ सप्टेंबर

वहीत ४१ पैकी १७ उरल्या. अकरांचा चौथा रकाना भरला, सहांचा नाही, त्या बाजूला.

नकाशात एक चूक उशिरा लक्षात आली. दान दिलेलं शेत नदीच्या उजव्या काठाला दाखवलं आहे आणि पहिल्या हुकुमात ते डाव्या काठाला. नकाशा बदलायचा नाही. लेखकाने सहा वर्षांपूर्वी स्वतःच काठ चुकवला, म्हणून शेत कुणी कसलं नाही, असं करून टाकलं. दुसरं प्रकरण त्या दृष्टीने पुन्हा लिहायचं.

नाण्यांची पुढची खेप ५०. वरचा ठसा आणखी अर्धा मिलिमीटर सरकवून, वज्राचं एक टोक दिसेल असा.